तिन्ही वादांना बाबासाहेबांचा एकच सवाल

एप्रिल आणि डिसेंबर महिन्यांत आपल्या व्याख्यानमालांमधून एक प्रश्न हमखास विचारला जातो. बाबासाहेब नेमके कोणत्या वादाचे? भांडवलशाहीचे, समाजवादाचे की साम्यवादाचे? प्रश्न विचारणारा तरुण प्रामाणिक असतो. उत्तर देणारे मात्र आपापल्या सोयीचे बाबासाहेब काढून देतात. डावे मित्र १९३८ चा कामगारांचा संप सांगतात आणि तेथेच थांबतात. १९९१ नंतर खुल्या बाजाराचे गोडवे गाणारे 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ पुढे करतात. हिंदुत्ववाद्यांना अचानक काठमांडूचे भाषण आठवते, कारण त्यात साम्यवादावर टीका आहे. प्रत्येकाच्या हातात खंडातले एकेक पान. न्यायालयात असा दस्तऐवज चालत नाही. कागद पूर्ण दाखल करावा लागतो आणि त्यावरची तारीखही पाहावी लागते. म्हणून बाबासाहेबांच्या आयुष्यातला हा एकच धागा, पोटाचा आणि मालकीचा, तारीखवार तपासून पाहू.

त्याआधी शब्दांचा खुलासा केलेला बरा. जमीन, गिरण्या, खाणी, पैसा ही उत्पादनाची साधने खासगी मालकीची आणि उत्पादन नफ्यासाठी, ही भांडवलशाही. ती साधने समाजाच्या किंवा समाजाच्या वतीने शासनाच्या मालकीची, हा समाजवाद. खासगी मालकी समूळ नष्ट करायची, त्यासाठी क्रांती करून मधल्या काळात कामगारवर्गाची हुकूमशाही आणायची आणि पुढे केव्हातरी राज्यसंस्थाच विरून जाईल असे मानायचे, हा मार्क्सचा साम्यवाद. पुस्तकात हे तिन्ही स्वच्छ दिसतात. परंतु पुस्तक लिहिणाऱ्यांपैकी कुणी गावकुसाबाहेर जन्मलेला नव्हता.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला सुभेदार रामजींचा हा मुलगा वाढला तो परळच्या गिरण्यांच्या सावलीत. आधी डबक चाळ, नंतर बीआयटी चाळ. पहाटेचा भोंगा, पाळीवर जाणारी माणसे, पगाराच्या दिवशी दारात उभा राहणारा सावकार, हे त्यांना कुठल्याही ग्रंथातून शिकावे लागले नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे जॉन ड्युई. एम. ए. साठी त्यांनी निवडलेला विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था. म्हणजे एका व्यापारी कंपनीने नफ्यासाठी अख्खा देश कसा चालवला, याची तपासणी वयाच्या चोविसाव्या वर्षीच झाली होती. पुढे लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले. बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढले गेले, ती हकीकत आपल्या घराघरात पाठ आहे.

त्यानंतर मुंबईत जे घडले ते मात्र फारसे सांगितले जात नाही. चरितार्थासाठी बाबासाहेबांनी शेअर्स आणि रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी एक पेढी काढली. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस, मुंबईचा बाजार तेजीत, सल्ला चांगला. गिऱ्हाईक येऊ लागले. मग सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे बाजारात कळले, आणि गिऱ्हाईक येणे बंद झाले. पेढी बुडाली. बाजार फक्त किंमत पाहतो, जात पाहत नाही, असे भांडवलशाहीचे समर्थक आजही सांगतात. नफा मिळत असतानाही माणसे जातीपायी नफा सोडतात, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या खिशाला झळ लावून पाहिले होते. ज्यांना मुक्त बाजार हाच दलितांचा मुक्तिदाता वाटतो त्यांनी या पेढीचा विचार जरूर करावा.

१९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी सरकारी आणि बिनसरकारी विद्वान सांगत होते की जमिनीचे तुकडे फार झाले, ते एकत्र करा म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेबांनी विचारले, तुकडे झाले ते का? कारण माणसांना जमिनीखेरीज दुसरे काम नाही. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे टेकली आहेत, आणि शेतीत घालायला भांडवल नाही. म्हणून इलाज उद्योगीकरण हाच. हा विचार त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. यंत्राला त्यांचा कधीच विरोध नव्हता. चरख्याकडे आणि बैलगाडीकडे परत चला म्हणणाऱ्या गांधीवादावर त्यांचा राग होता तो याचसाठी. यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय त्याला माणसासारखे जगता येत नाही, असे ते मानत. मालकाने स्वतःला गरिबांचा विश्वस्त समजावे, हा गांधीजींचा तोडगा तर कायद्याच्या विद्यार्थ्याला हसू आणणारा आहे. लाभार्थीला न्यायालयात जाता येत नाही असा हा विश्वस्त!

'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रिझर्व्ह बँक या ग्रंथामुळेच निघाली असे आपण व्यासपीठावरून छातीठोकपणे सांगतो. ग्रंथ उघडून पाहिला तर बाबासाहेबांचा भर बँक काढण्यापेक्षा चलन काढणाऱ्या सरकारच्या हाताला लगाम घालण्यावर आहे. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, गिरणीमालक खूश होतात, देशाची भरभराट झाली असे म्हटले जाते. बाबासाहेबांनी हिशेब मांडला की रुपया घसरला की वस्तूंचे भाव आधी चढतात आणि मजुरी मागून रखडत येते. मधल्या काळात मालकाला जो फायदा होतो तो आकाशातून पडत नाही, मजुराच्या ताटातून जातो. चलनासारख्या कोरड्या विषयातही त्यांनी कुणाला लाभ आणि कुणाच्या जिवावर, हे विचारले. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना ते याच भूमिकेतून बोलले. ज्यांनी हा ग्रंथ मुक्त बाजाराचा जाहीरनामा ठरवला आहे त्यांनी तो वाचला असेल असे वाटत नाही.

आता गिरणगावाकडे येऊ, कारण साम्यवाद्यांची आणि बाबासाहेबांची पहिली गाठ तिथेच पडली. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगार होते, पण विणाई खात्यात त्यांना शिरकाव नव्हता. पगार मात्र तिथेच जास्त. कारण काय? धोट्यातली कांडी बदलली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला महाराचे ओठ लागले त्याला आम्ही ओठ लावणार नाही, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे. एकाच मालकाकडून पिळले जाणारे, एकाच चाळीच्या पाण्यावर भांडणारे हे कामगार. मार्क्सच्या हिशेबात ते एकच वर्ग होते. १९२८ चा मोठा संप झाला तेव्हा कामगारांच्या मागण्यांत अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम मिळावे हीसुद्धा मागणी घाला, नाहीतर माझ्या लोकांना मी संपापासून परावृत्त करीन, असे बाबासाहेबांना पुढाऱ्यांना बजवावे लागले. ती नाइलाजाने घातली गेली. मालकांपुढे मागणी गेली तेव्हा त्यांनी हात झटकले. हा अन्याय असेल तर तो आमचा नाही, असा त्यांचा पवित्रा होता. आणि तो पूर्णपणे खोटाही नव्हता, हीच खरी दुःखाची गोष्ट आहे! मालकाने दार बंद केले नव्हते, कामगाराने कामगारासाठी बंद केले होते. मालकाने एवढेच पाहिले की त्यात आपले काही बिघडत नाही.

जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मधला सिद्धांत म्हणजे या विणाई खात्याचा निष्कर्ष आहे असे मी मानतो. त्याच ग्रंथात त्यांनी समाजवाद्यांनाही विचारले की क्रांतीनंतर आपल्याला समान वागणूक मिळेल अशी खात्री नसेल तर माणूस क्रांतीसाठी एकत्र येईलच कशाला? या प्रश्नाचे उत्तर भारतातल्या डाव्यांनी पुष्कळ काळ टाळले.

पण म्हणून बाबासाहेबांनी वर्गलढा सोडला का? मुळीच नाही. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी पक्ष काढला तोच स्वतंत्र मजूर पक्ष या नावाने. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणातला खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला वसुलीदार. सरकारला ठरलेला सारा भरायचा आणि कुळाकडून वाटेल ते उकळायचे, वर फुकट राबवून घ्यायचे. त्याच्या तावडीतले कूळ केवळ महार नव्हते, कुणबी, आगरी, भंडारीही होते. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर आला, त्याच्या अग्रभागी बाबासाहेब. शेतकऱ्यांच्या नावाने मते घेतलेले काँग्रेस सरकार होते, तरी विधेयक पुढे गेले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर समता, स्वातंत्र्य आणि बंधुभाव नाकारणारी वृत्ती, असेही तिथेच स्पष्ट केले. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला काँग्रेस सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्या विधेयकाने सक्तीचा तडजोडीचा मार्ग लादून ठरावीक परिस्थितीत संप बेकायदेशीर ठरवला होता आणि त्यासाठी तुरुंगाची शिक्षा ठेवली होती. विधानसभेत बाबासाहेबांनी त्याचे वाभाडे काढले. संप म्हणजे फार तर सेवाकराराचा भंग, त्याची भरपाई दिवाणी न्यायालयात मागावी. काम न करणे हाच गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आजही कामगार कायद्याच्या विद्यार्थ्याने तो मुळातून वाचावा. संपात बाबासाहेब आणि कम्युनिस्ट पुढारी डांगे एका व्यासपीठावर होते. मतभेद असूनही कामगाराच्या हक्कासाठी एकत्र येता येते हे दिसले. ही युती टिकली नाही, याची कारणे दोन्हीकडून सांगितली जातात. मला विणाई खाते पुरेसे वाटते.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्या चार वर्षांवर स्वतंत्र लिहावे लागेल. १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो १९४६ च्या कारखाने कायद्याच्या दुरुस्तीने. दामोदर खोऱ्याची योजना, केंद्रीय वीज मंडळ, कामगार विनिमय केंद्रे यांचा पाया याच काळातला. सप्टेंबर १९४३ मध्ये दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांच्या शिबिरात ते बोलले तेव्हा त्यांचा विषय होता संसदीय लोकशाही का कोसळते. एका बाजूला उपाशी मजूर आणि दुसऱ्या बाजूला गिरणीमालक, आणि कायदा म्हणतो दोघेही करार करायला स्वतंत्र! या करारस्वातंत्र्यानेच बलवानाला दुबळ्यास लुबाडण्याची मुभा दिली, असे त्यांचे निदान होते. आम्ही वकील लोक करार कायद्याचे कलम १४ वाचतो. त्यात जुलूम, अनुचित दबाव, लबाडी असेल तर संमती मुक्त नाही असे लिहिले आहे. भूक हा जुलूम आहे असे मात्र त्यात कुठेच नाही.

इथून आपण 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' कडे येतो. १७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर बोलताना बाबासाहेबांनी विचारले होते की सामाजिक आणि आर्थिक न्यायाची भाषा आहे, मग जमिनीचे आणि उद्योगांचे राष्ट्रीयीकरण यात का नाही? तीन महिन्यांनी, मार्च १९४७ मध्ये, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी स्वतःच मसुदा लिहून दिला. घोषणा नव्हे, कलमे! महत्त्वाचे उद्योग शासनाच्या मालकीचे आणि शासनाने चालवलेले. मूलभूत उद्योग शासनाच्या मालकीचे, चालवणारे शासन किंवा त्याची महामंडळे. विमा ही शासनाची मक्तेदारी, आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मजुरीच्या प्रमाणात पॉलिसी घेतलीच पाहिजे. शेती हा शासकीय उद्योग. शासनाने मालक, कूळ, गहाणदार सर्वांचे हक्क घ्यायचे, पण जप्त करायचे नाहीत. जमिनीच्या किमतीचे कर्जरोखे द्यायचे, ते वारसाला मिळतील, विकता येतील, त्यावर व्याज मिळेल. मग ती जमीन ठरावीक आकाराच्या शेतांत पाडून गावातल्या कुटुंबांच्या गटांना कसायला द्यायची, जातपात न पाहता. पाणी, जनावरे, अवजारे, खत, बियाणे शासन पुरवणार. पीक आले की सारा, रोख्यांचे व्याज आणि साहित्याचा खर्च वळता करून उरलेले कसणाऱ्यांनी वाटून घ्यायचे. गावात जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूरही नाही. आणि हे सर्व राज्यघटना अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत.

कूळकायद्याने हे होणार नाही का, असा आक्षेप येणार हे त्यांना माहीत होते. त्यांनी सरळ लिहिले की कूळकायदा आणि तुकडेजोड यांचा देशातल्या ६ कोटी अस्पृश्यांना काडीचाही उपयोग नाही, कारण ते कूळसुद्धा नाहीत. त्यांच्याकडे जोडायला तुकडाच नाही. महाराष्ट्रात पुढे कसेल त्याची जमीन झाली, ती कुणाची झाली आणि कुणाची झाली नाही हे सात-बारा पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

या मसुद्याचे स्पष्टीकरण करताना बाबासाहेबांनी जो प्रश्न विचारला तोच माझ्या मते त्यांच्या सर्व अर्थविचाराचे मूळ आहे. एका बेकार माणसाला नोकरी देऊ केली. मजुरी ठरलेली नाही, तास ठरलेले नाहीत, वर अट अशी की संघटनेत जायचे नाही, बोलायचे नाही. तो काय करील? मूलभूत हक्क उशाशी ठेवून उपाशी झोपेल की हक्क सोडून भाकरी घेईल? घटनेने शासनाला बांधून ठेवले, पण मालकाला मोकळे सोडले, तर ते स्वातंत्र्य भाडे वाढवण्याचे, तास वाढवण्याचे, मजुरी कापण्याचे ठरते. एका खासगी माणसाला दुसऱ्यावर राज्य करण्याचा अधिकार मिळतो. नाही म्हणण्याची ताकद नसलेल्या माणसाला ती मिळते की नाही, ही त्यांची कसोटी. भांडवलशाहीला त्यांनी ती लावली आणि ती नापास झाली. पुढे साम्यवादालाही त्यांनी नेमकी हीच कसोटी लावली.

आता एक अडचणीचा मुद्दा. आपले लोक तो टाळतात आणि मग विरोधक तोच आपल्या तोंडावर फेकतात. १९४७ मध्ये बाबासाहेबांनी लिहिले होते की ही आर्थिक रचना घटनेतच घातली पाहिजे, म्हणजे उद्याच्या बहुमताला ती बदलता येणार नाही. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी घटनेच्या पहिल्याच कलमात समाजवादी हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनीच तिला विरोध केला. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवावे, घटनेने त्यांना बांधू नये, असे ते म्हणाले. मग खरे बाबासाहेब कोणते? भूमिका बदलली काय?

मला वाटते दोन्ही दस्तऐवजांवरची सही कुणाच्या वतीने आहे हे पाहावे. पहिला फेडरेशनच्या वतीने, वंचितांचे वकीलपत्र घेऊन लिहिलेला. दुसरे भाषण ज्या सभागृहात काँग्रेसचे प्रचंड बहुमत होते आणि जमीनदार, संस्थानिक, गिरणीमालक यांचे हितसंबंध घट्ट बसले होते, त्या सभागृहाच्या मसुद्याची बाजू मांडणारे. अशीलाची मागणी आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा मसुदा यांत फरक असतो. पण एवढ्यावर सगळा फरक मिटतो असेही मी म्हणणार नाही. नुसता शब्द घालण्याला त्यांचा विरोध होता हेही तितकेच खरे. शहांना उत्तर देताना त्यांनी मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवले आणि ही तत्त्वे समाजवादी नाहीत तर दुसरे काय आहे असे विचारले. देशाची भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी आणि संपत्ती मूठभरांच्या हाती एकवटू नये, हे आज कलम ३९ च्या ख आणि ग या खंडांत आहे. त्याची न्यायालयातून अंमलबजावणी मागता येत नाही, हेही कलम ३७ मध्ये लिहिले आहे. मसुद्यातली दहा वर्षांची मुदत मात्र घटनेत कुठेच आली नाही.

समाजवादी हा शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आला आणि पंधरा वर्षांत खासगीकरण सुरू झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा शब्द काढून टाकण्याची मागणी फेटाळली. त्याच महिन्यात ५ तारखेला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने असेही ठरवले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही कलम ३९ मधली समाजाची साधनसंपत्ती होत नाही. ते प्रकरण मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींचे, भाडेकरूंसाठी त्या संपादन करण्याच्या म्हाडा कायद्यातल्या तरतुदीचे होते. म्हणजे चाळीत वाढलेल्या माणसाने ज्या घटनेचा मसुदा तयार केला तिचा अर्थ अखेर चाळींच्याच खटल्यात लावला गेला. शब्द राहिला, पण त्या शब्दात काय बसते याची मर्यादा आखली गेली.

सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हे कारण सर्वांना माहीत आहे. त्या निवेदनात आणखी एक तक्रार आहे. अर्थशास्त्राचा अभ्यासक म्हणून नियोजन खाते देण्याचे त्यांना कबूल केले होते, ते शेवटपर्यंत दिले नाही, आणि मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीतही घेतले नाही. देशातला एवढा शिकलेला अर्थतज्ज्ञ मंत्रिमंडळात बसला होता आणि पहिली पंचवार्षिक योजना त्याच्या हाताबाहेर तयार झाली. फेडरेशनच्या त्यानंतरच्या निवडणूक जाहीरनाम्यात पक्ष साम्यवाद, समाजवाद, गांधीवाद अशा कोणत्याही वादाशी बांधलेला नाही असे म्हटले होते, आणि लगेच विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची मागणीही होती. निवडणुकीत समाजवादी पक्षाशी युती केली. बाबासाहेब आणि अशोक मेहता दोघेही पडले. कम्युनिस्टांनी आपल्याविरुद्ध काम केले ही बाबासाहेबांची तक्रार निवडणूक अर्जापर्यंत गेली. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ साली झाले. मसुद्यातली तेवढी एक गोष्ट त्यांना जिवंतपणी पाहायला मिळाली.

शेवटच्या वर्षात ते 'बुद्ध की कार्ल मार्क्स' हा ग्रंथ लिहीत होते. त्यांनी मार्क्सला झिडकारले नाही. मार्क्सचे बरेचसे सिद्धांत काळाने खोटे पाडले असे ते म्हणतात. क्रांती अटळ नव्हती, रशियातली क्रांती माणसांनी घडवून आणली. पण जगाचा अर्थ लावत बसण्याऐवजी जग बदलणे हे तत्त्वज्ञानाचे काम, वर्गावर्गांत हितसंबंधांचा झगडा आहे, खासगी मालकी एकाला सत्ता आणि दुसऱ्याला दुःख देते, म्हणून ती नष्ट झाली पाहिजे, हे चार मुद्दे शिल्लक राहतात असे त्यांनी मान्य केले. आणि मग दाखवले की भगवान बुद्धांना हे अडीच हजार वर्षांपूर्वी माहीत होते. भिक्खूजवळ स्वतःचे म्हणून तीन चीवरे, कंबरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे वस्त्र एवढेच. सोने-चांदी वर्ज्य. खासगी मालकी सोडण्याचा हा नियम रशियातल्या कुठल्याही कायद्यापेक्षा कडक, पण तो सक्तीने लादलेला नाही. भिक्खू स्वतःहून संघात येतो, संघात प्रत्येकाला मत असते, आणि तथागतांनी आपल्यामागे कुणाला हुकूमशहा नेमले नाही. गृहस्थाला तर तथागतांनी गरीब राहा असेही सांगितले नाही. कष्टाने आणि सचोटीने मिळवलेल्या संपत्तीला धम्मात जागा आहे.

साम्यवाद्यांना त्यांचा प्रश्न साधा होता. हुकूमशाही किती दिवस? ती संपल्यावर बंदुकीच्या जागी माणसांना एकत्र धरणारे काय असेल? समता हवी, पण तिच्यासाठी स्वातंत्र्य आणि बंधुभाव गहाण ठेवावे लागत असतील तर तो सौदा त्यांना मान्य नव्हता. मालकापुढे नाही म्हणता येत नाही म्हणून भांडवलशाही नको, तर पक्षापुढे नाही म्हणता येत नसलेली व्यवस्था कशी चालेल? २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ते हेच बोलले. मार्क्सवादाकडे ओढल्या जाणाऱ्या बौद्ध देशांतल्या तरुणांना त्यांनी धम्माचा मार्ग दाखवला. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. सत्तर वर्षांच्या सक्तीनंतर तिथे सहकारी भावना उरली नव्हती, सरकारी कारखाने मूठभर नव्या धनिकांच्या घशात गेले. ज्यांनी या कोसळण्यावर टाळ्या वाजवल्या त्यांनी बाबासाहेबांचा अर्धाच प्रश्न ऐकला होता. खासगी मालकीबद्दलचा पहिला अर्धा अजून तसाच उभा आहे.

हस्तलिखित अपुरे राहिले. महाराष्ट्र शासनाने ते १९८७ मध्ये लेखन आणि भाषणांच्या तिसऱ्या खंडात छापले.

त्याच १९५६ सालच्या मार्चमध्ये, १८ तारखेला, बाबासाहेब आग्र्याला बोलले होते. शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवली हे दुःख आपण त्या भाषणातून नेहमी सांगतो. भाषणाचा दुसरा भाग खेड्यातल्या भूमिहीनांबद्दल होता. त्यांना जमीन मिळवून देण्यासाठी लढण्याचा निर्धार त्यांनी तिथे केला. नऊ महिन्यांनी ते गेले. मराठवाड्यात १९५३ पासूनच फेडरेशनने भूमिहीनांचा गायरान सत्याग्रह सुरू केला होता. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे १९५९ मध्ये आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर नेला, लाखो लोक तुरुंगात गेले. महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. तारीख कुणाच्या जयंतीची निवडली हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. तरीही कित्येक कुटुंबांच्या नावे सात-बारा आजपर्यंत झाला नाही. तलाठ्याची पंचनामा वही, दंडाच्या जुन्या पावत्या, पिकाची नोंद, एवढ्या कागदांवर ही माणसे ताबा सिद्ध करत तहसील कचेरीच्या पायऱ्या चढतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातली गायरान अतिक्रमणे वर्षअखेरपर्यंत काढण्याचा आदेश दिला आणि नोटिसा निघाल्या. त्या नोटिसा घेऊन आमच्याकडे आलेल्यांत तिसऱ्या पिढीचे लोक होते. आजोबा १९६४ मध्ये तुरुंगात गेलेले, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला तुरुंगाचा दाखला त्यांनी पुरावा म्हणून आणला होता.